तोंडावाटे

लिहिण्याचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. आमच्या घरात बँकेचा फॉर्मसुद्धा शेजाऱ्याकडून भरून घेत. कॉलेजात गेलेला पहिला मीच. भाषेत चुकलो तर सांभाळून घ्या. पण सांगायची आहे ती चूकही भाषेचीच.

बाबा कोकणात तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढतात. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सुरू केलं. "सुई जाळ्याक, अंगाक न्हय," म्हणत ते कुरकुरत टोचून घ्यायचे.

मी फार्मसीला आहे. आमचे एक सर इन्सुलिनची कॅप्सूल करण्याच्या खटपटीत आहेत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत भांडी धुतो, नोंदी ठेवतो. दिवाळीत मी हौसेने बाबांना म्हणालो, "इन्सुलिन तोंडावाटे देण्याचं काम चाललंय." पोटातलं आम्ल ते मोडून टाकतं, कवच अजून जमलेलं नाही, हेही सांगितलं. पण पुस्तकी मराठीत, आणि घाईने. ते जाळं शिवत होते.

नंतर रोज फोनवर विचारायचो, "बाबा, इन्सुलिन घेतलात?"

"घेतलंय रे झिला."

शिमग्याला गेलो तर ते लंगडत होते. खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने पाय कापला होता, जखम भरत नव्हती. जेवणाआधी त्यांनी सिरिंजमध्ये बरोबर मापाने इन्सुलिन ओढलं, कोकमाच्या सारात सोडलं आणि वाटी तोंडाला लावली.

"बाबा, ह्यां काय?"

"तूच सांगितलंस मां, तोंडावाटे? शिकलेलो झील सांगता तां खोटा कसा आसतला?"

आई म्हणाली, "मी म्हटलंय, सारात नको, पाण्यात घे. ऐकता कोण!"

आम्लाने मोडतं म्हणून मी सांगितलं होतं, आणि ते आंबट सारात मिसळत होते. 'घेतलंय' हे मात्र खरंच होतं. मी समजावलं तेव्हा बाबांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "पुढच्या खेपेक मालवणीत सांग."

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सुई पुन्हा सुरू झाली. परीक्षा होती म्हणून मी परतलो. फोनवर आता मी 'टोचलात?' असं विचारायचो.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, तेव्हा आईचा फोन आला.

"बाबांच्या पायाचा बोट काढूचा लागला. चार दिस झाले. तुझी परीक्षा म्हणान तेंनी सांगूक दिला नाय."