वाळूवर चढणारे जहाज आणि दामोधरभाऊंचा चहा

गटातील सर्व मान्यवरांस नमस्कार.

माझा नातू नौदलात आहे. त्याचे जहाज थेट वाळूवर चढून रणगाडे उतरवते. हे ऐकून शेजारचे दामोधरभाऊ वर्षभर चौकात हसले, "वाळूत रुतते त्याले जहाज काऊन म्हनता?"

त्याच वर्षात त्या जहाजाने वादळानंतर बेटांवर धान्य पोहोचवले, रणगाड्यांचा सराव केला आणि गोदीत डागडुजीही करून घेतली.

आज भाऊ माझ्या याच नातवासाठी स्वतःच्या नातीची सोयरीक घेऊन आले. मी पाणी दिले, चहा रोखला.

"आधी चौकात चला. ज्यांच्यासमोर हसलात, त्यांना त्या जहाजाने वर्षभरात काय काय केले ते सांगा."

अडखळत त्यांनी सर्व सांगितले. मग मी चहा पाजला.

चहा संपताच दामोधरभाऊ म्हणाले, "आता सोयरिकीचं बोला ना!"

"वर्षभर हसलात. उत्तरही वर्षभराने देईन."

माझे काही चुकले काय?