रुखवतातलं कपाट

टर्पेंटाइनचा वास आला की मला यवतचा माझ्या लग्नाचा मांडव आठवतो. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून आणलेलं जुनं लोखंडी कपाट माझ्या वडिलांनी, आप्पांनी, घासून पिवळंधमक रंगवलं होतं. दारांवर हिरवे पोपट काढून ते रुखवतात मांडलं होतं.

शिरूरच्या माझ्या आत्तेसासूबाई उसन्या पाटल्या मिरवत आल्या आणि सगळ्यांदेखत एका पोपटावर त्यांनी नख ओढलं.

"आत गंज हाय की! पोपट बसवून भंगार खपवताय व्हय?"

वऱ्हाड दात काढून हसलं. फुकटचं जेवून हसणाऱ्या त्या तोंडांची मला अजून किळस येते.

पण आज सांगून टाकते, त्यांच्यातली दिसावी म्हणून मीही हसले. आप्पांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग खांद्यावरच्या टॉवेलानं ते पोपटावरचा ओरखडा पुसत राहिले.