सांगलीने गुणगुणलेलं गाणं

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक बोर्डावर बसायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. परगावी फोन लावायचा तर लोक आधी आमच्याकडे नंबर नोंदवत. मग आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला गाठून लाईन जोडायचो. आम्हा ऑपरेटरांना एकमेकांची नावं क्वचितच ठाऊक असत. मी 'सातारा' आणि पलीकडची ती 'सांगली', एवढी ओळख पुरायची.

सकाळी हळदीच्या व्यापाऱ्यांचे कॉल संपता संपत नसत, पण दुपारी दोननंतर बोर्ड शांत व्हायचा. अशाच एका दुपारी मी लाईन तपासायला कान लावला, तर पलीकडे सांगली काहीतरी गुणगुणत होती.

"ए सांगली, कुठलं गाणं गं हे?"

ती दचकली. मग हसली. "भावजींनी नवी रेकॉर्ड आणलीया. लय भारी हाय बघ."

गायिका नव्या दमाची होती. रेडिओवरची तिची दोन गाणी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. आता तिची दहा गाण्यांची मोठी रेकॉर्ड आली होती. सांगलीचा धाकटा दीर कुपवाडला लेथवर कामाला होता. त्याने बोनसमधून प्लेअर घेतला आणि पहिली रेकॉर्ड आणली ती हीच. आमच्या घरी प्लेअर नव्हता. त्यामुळे मी त्या रेकॉर्डमधलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं.

आठवड्याभराने सांगलीने बातमी दिली. मोठी रेकॉर्ड सगळ्यांना परवडत नाही, म्हणून कंपनी त्यातलं एक गाणं, मागच्या बाजूला आणखी एक जोडून, छोट्या रेकॉर्डवर काढणार होती. हॉटेलात, लग्नाच्या मांडवात तीच वाजायची. कुठलं गाणं काढावं, हे कंपनीने दुकानदारांना विचारलं होतं आणि तिच्या दिराचा दुकानदार येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होता.

"आमच्या भावजींचा सगळा कारखाना घाटाच्या गाण्याच्या बाजूला हाय," ती म्हणाली. "गाडी घाट चढती, वळणावर शिट्टी वाजती. तू सांग, तुला कुठलं पायजे?"

"अगं, मी ऐकलंय कुठं?"

"मग ऐक की."

आणि पुढचे दहा-बारा दिवस तिने मला ती अख्खी रेकॉर्ड हेडफोनवर ऐकवली. गाणं मध्येच तुटायचं. नवा कॉल आल्याची खूण म्हणून बोर्डावरची झडप पडली की ती "थांब हं" म्हणून निघून जायची आणि परत येऊन त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. मी शब्द एका कागदावर लिहून घेत असे. घाटाचं गाणं मजेदार होतं. पत्राचं एक होतं, दूर गेलेल्या माणसाच्या पत्राची वाट बघणारं, ते मला जरा रडकं वाटलं. पण आठव्या गाण्याला मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. एक बाई घरात बसून गल्लीतली पावलं ऐकते आणि चपलेच्या आवाजावरून कोण चाललंय ते ओळखते, एवढंच त्यात होतं. सांगली ते फार सावकाश म्हणायची. ओळीच्या शेवटी थबकायची, जणू खरंच बाहेर कुणीतरी चाललंय.

"हेच काढायला हवं," मी म्हणाले.

"हे? ह्याला मांडवात कोण लावंल?"

त्यावरून आमचा रोज वाद व्हायला लागला. एका दुपारी आमच्या सुपरवायझर बाई माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. आता मेमो मिळणार असं वाटलं. त्यांनी माझ्यासमोरचा कागद उचलला, वाचला आणि हळूच विचारलं, "दुसऱ्या कडव्यात पुढं काय होतं? ती पावलं थांबतात का?"

शेवटी न राहवून, तिच्याकडून पत्ता घेऊन एका सुट्टीच्या दिवशी मी ती रेकॉर्ड ऐकायला सकाळची एस.टी. धरून सांगलीला गेले. तिच्या आवाजावरून मी एक उंच, सडपातळ, माझ्याच वयाची मुलगी मनाशी धरली होती. दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, पिठाने हात माखलेल्या बाईने. मी आजवर हिला 'ए' आणि 'अगं' म्हणत होते.

"अहो, मी साताऱ्याची..."

"'अहो' कुठलं काढलंस?" ती म्हणाली. "लाईनीवर म्हणतीस तसंच म्हण. ये आत."

तिच्या दिराने प्लेअर आधीच पुसून तयार ठेवला होता. पहिली बाजू झाली. घाटाच्या गाण्यातली शिट्टी खरंच झकास होती. मग त्याने रेकॉर्ड उलटली आणि मी पावलांच्या गाण्याची वाट बघत पदर बोटाला गुंडाळत बसले.

ते सुरू झालं, पण मला ओळखूच येईना. अकॉर्डियन, बोंगो, उडती चाल. गाणारी तर हसत हसत गात होती, जणू ती पावलं ओळखण्याचा खेळच खेळत होती. शब्द तेच होते, माझ्या कागदावरचे. पण मी ज्याच्यासाठी इतके दिवस भांडत होते, ते गाणं या रेकॉर्डवर नव्हतं.

"मग ताई?" दिराने विचारलं. "घाट का पावलं?"

"हे नाही," मी म्हणाले. "वहिनी म्हणतात ते."

"वहिनी गातात?"

सांगली लाजून स्वयंपाकघरात निघाली. "मी कशाची गाती! सारखं लक्ष झडपांकडं असतंय, म्हणून ओळ लांबवती, एवढंच."

"एकदा म्हण ना," मी म्हणाले.

ती आत जाऊन भाकरी थापायला बसली आणि आमच्याकडे पाठ करून तिने ते म्हटलं. तसंच सावकाश. तवा तापलेला होता, पण भाकरी परातीतच राहिली. दीर उंबऱ्यावर उभा होता. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तो शाळेत होता, आणि इतक्या वर्षांत त्याने तिला गाताना ऐकलं नव्हतं. गाणं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझं नाव पावलांच्या बाजूला लिवा."

संध्याकाळच्या गाडीआधी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, झालेली रेकॉर्ड आता सावकाश कशी व्हायची?" तो म्हणाला. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने त्या गाण्यावर सुई ठेवली आणि प्लेअरचा वेग कमी केला. आतून घसा बसलेल्या पुरुषासारखा आवाज येऊ लागला आणि चपलांच्या जागी जणू रेडे चालू लागले. आम्ही चौघं पोट धरून हसलो. पण त्याने कंपनीला पाठवायच्या पत्रात पावलांचं गाणंही लिहिलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी सांगलीची झडप पडली. "आली गं छोटी रेकॉर्ड! पावलं हाईत, पण मागल्या बाजूला."

"आणि पुढं घाट?"

"न्हाई. पत्राचं."

त्या गाण्याचं आम्ही कधी नावसुद्धा घेतलं नव्हतं.

"कुणी मागितलं असंल गं ते?" सांगली म्हणाली.

आता तेच एक वेड लागलं. ती मिरज आणि कोल्हापूरला विचारायची, मी कराड आणि फलटणला. कॉल जोडून झाला की हळूच प्रश्न टाकायचा. कराडला घाटाचं आवडलं होतं. कोल्हापूरच्या ऑपरेटरला गायिकाच आवडत नव्हती. पत्राचं कुणालाच नको होतं.

एकदा लोणंदचा कॉल आला. तिथे एक पुरुष ऑपरेटर होता, कामापुरतं बोलणारा. त्यालाही मी विचारलं.

तो म्हणाला, "मी मागितलं हुतं. कंपनीला कार्ड टाकलं हुतं."

"तुम्ही? का हो?"

"भाऊ फौजेत हाय माझा. लग्नाच्या मांडवात हे लागलं, तर समद्यांस्नी ऐकाय मिळंल. आमच्या गावात घरटी एकजण फौजेत हाय."

त्याच्या एका कार्डाने कंपनीने गाणं निवडलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मी लगेच सांगलीला गाठलं आणि म्हणाले, "सापडला." तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "लाईनीवर हाय का अजून? जोड की मला."

मी दोघांना जोडून दिलं. कान काढून घ्यायला हवा होता, पण काढला नाही. सांगलीने त्याला विचारलं, भावाचं पत्र शेवटचं कधी आलं? तो म्हणाला, परवाच. मग तिने त्याला पत्राचं गाणं म्हणून दाखवलं, आणि या वेळी मध्ये एकही झडप पडली नाही.