ताईची साक्ष

ताईला लहानपणापासून फिट यायची. बीडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असल्या की वर्ष-वर्ष काही होत नसे. लग्न करून सिरसाळ्याला गेली आणि तिथं एकदा चुलीपुढं पडली. हात भाजला. सासरच्यांनी तिला पालीला आमच्या घरी आणून सोडलं, ते पुन्हा न्यायला आलेच नाहीत.

आमची उपासना धरणाच्या रस्त्यालगत, पत्र्याच्या खोलीत भरते. तिथं नवे पाळक आले होते. वयानं तरुण, गळा गोड. एका रविवारी त्यांनी बायबलमधला फिट येणाऱ्या मुलाचा उतारा वाचला. बाप त्याला येशूकडं घेऊन येतो आणि येशू त्याच्यातला दुष्ट आत्मा काढतो, तो. मग ताईला पुढं बोलावून कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून पुष्कळ वेळ प्रार्थना केली. शेवटी म्हणाले, "बहीण, आता साक्ष दे. मी बरी झाले, म्हण."

ताई माइकसमोर तसं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळ्या सोडल्या. आई म्हणाली, "प्रार्थना बी कर आन् गोळी बी घे. देवाला काय राग येतोय का त्याचा?"

"सगळ्यांपुढं बोलले ना मी, माय. आता गोळी घेतली तर मी खोटी पडंन."

मी पाळकांना जाऊन भेटलो. ते शांतपणे म्हणाले, "गोळ्या बंद कर असं मी म्हणालो नाही. पण तिच्या विश्वासाच्या आड तुम्ही येऊ नका."

काही आठवडे बरे गेले. ताई सासरी जायचं बोलू लागली. मग एका सकाळी हौदावर कपडे धुताना तिला फिट आली. आई दळण आणायला गेली होती, मी कामावर होतो. हौदात पाणी गुडघाभरही नव्हतं.

ताईला माती दिल्यावर आलेल्या रविवारी पाळक म्हणाले, घरात अविश्वास असला की मिळालेला आशीर्वाद टिकत नाही. त्यांनी नाव घेतलं नाही, पण माना आमच्याकडं वळल्या.

आई बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली.

"पाळकसाहेब, त्या पोराच्या बापानं बी येशूला तेच सांगितलं हुतं. माझा इश्वास कमी पडतोय म्हनून. येशूनं त्याला हाकललं न्हाई. पोरगं बरं करून दिलं. ते तुमी वाचलं, पर सांगितलं न्हाई."

पाळकांनी पुस्तकाची पानं चाळली आणि गीत सुरू करायला सांगितलं.

मी त्यानंतर तिथं गेलो नाही. आई जाते. प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर खातात तेव्हा, ताट समोर आलं की भाकर न घेता ते शेजारणीकडं सरकवते. का, असं तिला अजून कोणी विचारलेलं नाही.