गढीतली कारभारीण

रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या इस्त्रीवालीला शब्द पाठ होत नसत, पण माणूस एकदा पाहिला की ती जन्मात विसरत नसे. म्हणून बाहेरून दहावीला बसल्यावर नेमलेली ती जुनी भयकादंबरी हातात पडली, तेव्हा तिने गढीतल्या एकेका पात्राला ओळखीचा चेहरा देऊन टाकला. भुयारात कारस्थानं रचणारा सरदार म्हणजे तिचा मुकादम. क्रूर, कपटी, मदांध हे तिन्ही शब्द त्याच्या मिशीला टांगले की काम झालं. पानोपानी घेरी येऊन पडणारी नायिका म्हणजे रुग्णालयाच्या ऑफिसातली टायपिस्ट. आणि संदिग्ध म्हणजे डॉक्टरांचं बोलणं, दुसरं काय!

दाराआडून कान देणारी, कमरेला किल्ल्या लावणारी पाषाणहृदयी कारभारीण मात्र शोधावी लागली नाही. थोरली नणंद घरातच होती.

पंचाईत अशी, की रोज पुस्तक धरून प्रश्न विचारायला बसायची तीही नणंदच. "पाषाणहृदयी म्हणजे काय गं?" ती चष्म्यावरून बघत विचारी.

"दगडाच्या काळजाची, वन्सं," म्हणून भावजय खाली मान घालून भांडी घासू लागे. चोराच्या मनात चांदणं!

गेल्या वर्षी ती तोंडी परीक्षेत गारद झाली होती. यंदा पास झाली तर परिचारिकेच्या वर्गात जागा होती. नापास झाली तर वयाची अट संपत होती, मग जन्मभर तीच वाफ. मागे एकदा इस्त्रीच्या यंत्रापाशी चक्कर येऊन तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. पुन्हा तसं झालं तर, हा विचार तिची पाठ सोडत नसे.

परीक्षेला नणंद सोबत आली. "वाटेतच अर्धं विसरशील," म्हणाली. परीक्षेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नणंदेच्या चपला फटीतून दिसत होत्या.

सरदार, नायिका सुरळीत पार पडले. मग परीक्षक म्हणाले, "आता कारभारणीचा स्वभाव सांगा. उदाहरणं देऊन. याला जास्त गुण आहेत."

तिला पुस्तकातलं एकही उदाहरण आठवेना. आठवत होती ती सगळी घरातली. बोलावं तर जिच्या भरवशावर मुलं टाकून ती कामाला जात होती, ती बाहेर ऐकत होती. गप्प बसावं तर वर्ष गेलं, आणि वर्षच काय, सगळंच गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

"बोला बाई, बाहेर रांग आहे."

"ती दाराआड उभी राहते," तिने सुरुवात केली आणि मग तिला थांबता येईना. "साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप लावते. कुणी हसलं की विचारते, एवढं काय झालं हसायला? लहान मुलंसुद्धा तिच्यासमोर हळू बोलतात."

"तिच्यात काही चांगलं?"

"नाही, सर."

फटीतल्या चपला मागे सरकल्या. परीक्षकांनी समाधानाने मान डोलावली. आपण पास झालो हे तिला कळलं. पदर सावरत ती बाहेर आली.

नणंदेने पाण्याची बाटली पुढे केली आणि चालू लागली.  कोपऱ्यावर भावजयच म्हणाली, "वन्सं, ते पुस्तकातलं होतं."

"साखरेचा डबा पुस्तकात नाही. मी दोनदा वाचलंय."

भावजयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई गेली तेव्हा माझी शाळा चालू होती," नणंद समोर बघत म्हणाली. "किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि जो तो आपल्या वाटेला लागला. तुझा नवरा तर पाळण्यात होता. त्या कारभारणीचंही तसंच आहे. तिसऱ्या प्रकरणात दिलंय. तू ती पानं भराभर उलटायचीस."

गाड्या जात होत्या. भावजयीने नणंदेचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्हाला काय व्हायचं होतं, वन्सं?"

नणंदेने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग हळूच हात सोडवून घेत म्हणाली, "चल लवकर. मुलं शाळेतून यायची वेळ झाली."