अभिमन सरांचं बोलकं इंग्रजी

असोद्याच्या शाळेत अभिमन सर वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. तेही अस्सल मराठीतून. व्याकरण तोंडपाठ, पण त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक अख्खं वाक्य निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

१९९९ साली जळगावात सायबर कॅफे निघाला आणि सर देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांच्या ई-मेल गटात शिरले. तिथे ना हजेरी, ना घंटा. सर्वांना सर नियम समजावून सांगायचे. लंडनच्या गृहस्थाचं वाक्यही त्यांनी दुरुस्त केलं. लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणू लागले. ते मात्र सरांनी दुरुस्त केलं नाही.

ब्राझीलच्या पाउलो मास्तरांशी तर गट्टीच जमली. 'मुलांना निर्भयपणे बोलायला कसं शिकवावं' यावर दोघांनी लांबलचक निबंध पाठवले. आणि एके दिवशी पाउलोनं कळवलं, "अजिंठा बघायला येतोय. तुमचा वर्गही पाहीन."

सरांना घाम फुटला. मुख्याध्यापक रतिलाल सरांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शाळेवर 'आंतरराष्ट्रीय परिसंवाद' असा फलक चढला.

जळगाव स्टेशनवर सर म्हणाले, "हॅलो." पाहुणा म्हणाला, "हॅलो." इथे संभाषण संपलं. असोद्यापर्यंत दोघांनी रिक्षातून केळीच्या बागा पाहिल्या.

घरी बेबाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, भरीत वाढलं. "काय नुसते पाहून राह्यले एकमेकायकडे? बोला ना!"

पाउलोनं शरमून कागद काढला आणि लिहिलं, 'मला फक्त लिहिता येतं. बोलायची भीती वाटते.'

सरांनी कागद ओढून खाली लिहिलं, 'मलाही.' मग दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बेबाबाईंना वाटलं, भरतात मिरची जास्त झाली. पाण्याचा तांब्या पुढे आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोघं फळ्यावर लिहायचे, मुलं मोठ्यानं वाचायची आणि उत्तरं ओरडून द्यायची, चुकली तरी. तास संपेतो अख्ख्या वर्गाला कंठ फुटला. एका मुलीनं विचारलं, "यू लाइक असोदा?" पाउलोच्या तोंडून निसटलंच, "येस! व्हेरी मच!"

रतिलाल सरांनी वरती अहवाल धाडला : 'परदेशी तज्ज्ञांचं ओघवतं भाषण झालं.'

अभिमन सर मात्र सोमवारपासून वर्गात इंग्रजी बोलू लागले. अडखळायचे, चुकायचे. पोरं खिदळायची आणि सरांची चूक सुधारायची, तीही अस्सल मराठीतून.