लिंबं लपवा, ताई

गॅस बंद केला की मामा पातेल्यातून चिमूटभर भात काढायचे आणि स्टीलच्या झाकणावर टाकायचे. मग झाकण तिरपं करायचे. शितं सुटी सुटी घरंगळली की म्हणायचे, "शीत शिताला ओळखू नये. मग तो भात." आणि आमच्यातलं कुणीतरी "वा!" म्हणेपर्यंत झाकण खाली ठेवायचे नाहीत.

आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळात तुम्ही कधी जेवला असाल, तर तुम्हीही हे पाहिलं असेल. तिथलं स्वयंपाकघर मामांनी तीस वर्षं सांभाळलं. मूळचे देगलूरकडचे. आम्हा बायकांना 'ताई', पुरुषांना 'साहेब' आणि मोठ्या शेगडीला 'ही बया' म्हणायचे. खांद्यावर पंचा आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत कायम लिंबं. भाताच्या उकळत्या पाण्यात चार थेंब लिंबू पिळलं की दाणा पांढराशुभ्र आणि मोकळा राहतो, हे त्यांचं उघड गुपित होतं.

एकदा एका मुंजीत मसालेभात किंचित गिच्च झाला. पाहुणे बोटं चाटत होते, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मामा मात्र पंगतीच्या तोंडाशी हात जोडून उभे. "आज चुकलं. माफी असावी." बटूच्या वडिलांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं, जेवण संपलं.

पुढे मंडळात पुण्या-मुंबईची आयटीवाली कुटुंबं आली. माणसं चांगली, पण आम्ही जुने एका भिंतीशी बसायचो आणि ते दुसऱ्या. नव्या सेक्रेटरीबाई त्यांच्यातल्याच, चुणचुणीत. उन्हाळी स्नेहभोजनाच्या मीटिंगमध्ये मला म्हणाल्या, "काकू, मामांना आता रेस्ट देऊ या ना. मुलांना काहीतरी डिफरंट हवंय. मँगो स्टिकी राइस वगैरे. माझ्या ओळखीचा केटरर आहे."

रागाच्या भरात मी काहीही बोलून जाते, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

"मामा करतील की!" मी म्हणाले.

"काय करतील?"

"तोच. तुमचा स्टिकी राइस."

बाई हसल्या. "ठीक आहे. जमला, तर किचन मामांचं. नाही जमला, तर पुढच्या प्रोग्रॅमपासून केटरर." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी परतताना मला आठवलं, की तो पदार्थ मी स्वतः कधी पाहिलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. किचन जाईल म्हटल्यावर त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकून पुन्हा टाकला. मग हळूच म्हणाले, "चिकट भात? ताई, त्याला आचारी कशाला पाहिजे? तो तर आपोआपच होतो."

तो आपोआप होत नाही, हे आम्हाला तारनाक्याला माझ्या स्वयंपाकघरात कळलं. मंडळात सराव करायची सोय नव्हती, चार डोळे बघणार. पहिल्या दिवशी मामांनी घरातला सोना मसुरी दुप्पट पाण्यात रटरटवला आणि वर नारळाचं दूध ओतलं. जे तयार झालं त्याने मी नंतर नातवाच्या वह्यांना कव्हरं चिकटवली. पावसाळाभर सुटली नाहीत.

मग मी मोठ्या दुकानातून खास थायलंडचा तांदूळ आणला. लांब दाणा, खडूसारखा पांढरा. मामांनी तो तळहातावर फिरवला, नाक मुरडलं आणि पाणी उकळायला ठेवलं. तांदूळ पाण्यात पडला, आमच्या गप्पा चालू होत्या. भात शिजल्यावर त्यात नारळाचं दूध घातलं आणि ते बघता बघता फाटलं. आम्ही दोघं पातेल्यात डोकावलो. ओट्यावर पिळून टाकलेली लिंबाची फोड पडली होती. मामांनी ती कधी पिळली, ते त्यांना कळलं नव्हतं आणि मलाही नाही.

मामा खुर्चीवर बसले. उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. "जन्मभर या हाताला भात मोकळा करायला शिकवला. आता म्हातारपणी त्याला काय सांगू?" माझ्या तोंडाळपणापायी या माणसाचं स्वयंपाकघर पणाला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. थायलंडची एक आजी बांबूच्या टोपलीत काहीतरी करत होती. भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती. मामा अचानक ताडकन उठले. "ताई! ती बाई शिजवत नाही, उकडायली! मोदक उकडतो तसं! इतकंच होतं व्हय?"

त्यांनी फडताळातलं माझं मोदकपात्र काढायला लावलं. तांदूळ आदल्या रात्री भिजत घालायचा. सकाळी निथळून, ओल्या पंच्यात बांधून वाफेवर ठेवायचा. मध्येच पुरचुंडी एकदा उलटी करायची. नारळाचं दूध साखर आणि मीठ घालून नुसतं कोमट करायचं, वाफाळता भात त्यात ढकलायचा आणि झाकून अर्धा तास हातही लावायचा नाही. हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून पाठ केलं. दुसऱ्या सकाळी दारात पाऊल टाकताच त्यांनी पिशवीतली सगळी लिंबं माझ्या ओंजळीत ओतली.

"लिंबं लपवा, ताई. मला सांगू नका कुठं."

मी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली. त्या दिवशी भात झाला.

स्नेहभोजनाच्या दिवशी मामांनी दिलसुखनगरच्या ओळखीच्या टिफिन सेंटरमधून इडलीची मोठाली पात्रं आणली होती. सेक्रेटरीबाई हापूस म्हणत होत्या. मामांनी बेनिशान आंबे निवडले. "हापूस विरघळतो. याची फोड उभी राहते." त्याआधी मंडळाच्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक लिंबू त्यांनी माझ्या पर्समध्ये भरलं होतं. पर्स इतकी फुगली, की बंद होईना. ती तशीच पोटाशी धरून मी दारात पहारा देत होते.

झाकण काढलं. मामांनी चिमूटभर भात घेतला, स्टीलच्या झाकणावर टाकला, झाकण तिरपं केलं. भात जागचा हलला नाही. त्यांनी झाकण आणखी तिरपं केलं, पार उभं केलं. एक शीतही सुटलं नाही.

"वा!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेर पंगतीतली माणसं उठून बघायला आली.

मग काय सांगू! चकचकीत भात, त्यावर नारळाचं दाट दूध, शेजारी पिवळीधमक फोड. मुलं तीन-तीनदा आली. आमच्या जुन्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, मग वाट्या पुढे केल्या. मिळेल त्या पानावर जो तो बसत होता. कुठली भिंत कुणाची, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. सेक्रेटरीबाईंनी दुसरी वाटी संपवली, स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मामा, दिवाळीचा मेनू काय ठेवायचा?"

स्वयंपाकघर मामांचं राहिलं होतं. मामांनी पंच्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग म्हणाले, "आधी माझी लिंबं परत द्या."

ते हसले आणि मी रडले.

दोन वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मामा आपल्या मर्जीने देगलूरला परत गेले. आता मंडळात केटरर येतो. त्याचा भात बरा असतो, पण झाकणावर टाकून कुणी दाखवत नाही आणि "वा!" म्हणायची वेळच येत नाही. तिथे गेलं की मला चुकल्यासारखं होतं.

बेनिशान बाजारात आला की मी घरी मोदकपात्र काढते. भात झाला, की चिमूटभर झाकणावर टाकते, झाकण उभं धरते आणि मग मामांना फोन लावते.

"मामा, शितांनी ओळखलं एकमेकांना."

पलीकडून प्रश्न येतो, "लिंबं कुठायत?"

"वॉशिंग मशीनमध्ये."

"हौ," मामा म्हणतात. "मग बरोबर."